काढायची राहून गेलेली अंडी

अगं ए, फोन जरा कानाजवळ धर. असा नाही, अजून जवळ. समोर असतीस तर आधी कान पिरगाळला असता आणि मग बोलले असते. अंडी उबवायची पेटी घेतलीस, हेब्बाळच्या त्या खोलीत टेबलावर मांडलीस, आत कोंबडीची अंडी ठेवलीस, बदकाचीही ठेवलीस, आणि हे मला तुझ्या आईच्या तोंडून कळावं? "आजीला सांगू नको, ती माळकरी, तिला चालायचं नाही," असं म्हणालीस म्हणे. मला विचारलंस कधी? न विचारताच आजीच्या मनातलं ठरवून मोकळी झालीस. मला राग आला नाही, खरं सांगते. माझंच जुनं काहीतरी आठवलं. का, ते ऐक.

तुझ्या आईचाही जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या चाळीत एक बाई राहायची, कन्नड घरातली, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. नवरा मेटगळ्ळीला कारखान्यात, आज सकाळपाळी तर उद्या रात्रपाळी. ती माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकायची आणि शिवून होईपर्यंत मशीनशेजारी बसून बोलत राहायची. मला अक्का म्हणायची. तिची आई नंजनगूडची, नदीकाठच्या घरात बदकं पाळायची. आई गेली, घर मोडलं, तेव्हा हिने भांडीकुंडी काही मागितली नाही. दोन बदकं तेवढी टोपलीत घालून म्हैसूरला आणली. "आईच्या हातची आहेत," म्हणायची.

एका दुपारी कुत्री शिरली आणि दोन्ही मारून गेली. मागे राहिली ती टोपलीभर अंडी.

बदकं आपल्या अंड्यांवर नीट बसतीलच असं नाही, म्हणून ती नेहमी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. या वेळीही तिने तसंच केलं. पण तिचेही दिवस भरत आले होते. बाळंतपणाला थोरल्या बहिणीकडे नंजनगूडला जायचं, आणि नवऱ्याच्या पाळ्यांमुळे घरी बघायला कुणी नाही. डालगं उचलून ती सरळ माझ्या परसदारी आली. कोंबडी आत, तिच्याखाली अंडी.

"अक्का, एवढी सांभाळा. कोंबडीचं पिल्लू तीन आठवड्यांत निघतं, बदकाला चार लागतात. दाणापाणी जवळ ठेवा, शेवटी शेवटी अंड्यांवर जरा पाणी शिंपडा. आणि आठवड्याने एकेक अंडं टॉर्चवर धरून बघा. लाल दोरे दिसले तर जीव आहे. पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तर रिकामं, ते काढून टाका. सुम्ने, उगीच दया करायची नाही हं! नासून फुटलं तर चांगल्यांनाही घेऊन जाईल."

इतकं स्पष्ट सांगून गेली ती. मी समजले नाही असं म्हणायला जागाच नाही.

आता आमचं घर तुला माहीत आहे. सासूबाई कडक माळकरी. एकादशीला मशीनसुद्धा बंद. अंडं या शब्दाला घरात जागा नव्हती, आणि मी तर डालगंभर आणून ठेवली होती. परसात ठेवलं म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. एकदोनदा तर कोंबडीला दाणे टाकताना त्याच मला दिसल्या होत्या. पण त्यांचं न बोलणं मला बोलण्याहून जड वाटायचं.

आठवडा झाला. न्हाणीत अंधार करून मी एकेक अंडं टॉर्चवर धरलं. काय सांगू गं! आत कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल दोरे, आणि मधे एक ठिपका हलतोय. शिवणावर इतकी वर्षं दोऱ्यांशीच खेळले, पण असे दोरे पाहिले नव्हते. तीन अंडी मात्र स्वच्छ निघाली. ती पदरात घेऊन बाहेर आले, तर तुळशीपाशी सासूबाई वाती वळत बसलेल्या. मी पदर वर ओढून अंडी झाकली. यांच्यासमोर अंडी फेकू कुठे? फोडू कशी? "माझ्या तुळशीसमोर हे काय चाललंय," म्हणाल्या तर? आणि मला वाटू लागलं, समज आत काहीतरी असलं तर? आपल्या घरात, आपल्या हाताने?

मी गुपचूप तिन्ही परत कोंबडीखाली सारली. म्हटलं, उद्या बघू.

तो उद्या काही आला नाही. काही दिवसांनी परसात वास सुटला.

"काय मेलंय गं तिकडे?" सासूबाईंनी विचारलं.

"गटाराचा वास असेल, आत्याबाई."

गटाराचा! एका सकाळी फट्ट आवाज झाला आणि कोंबडी ओरडत बाहेर आली. हिरवट घाण सगळ्या अंड्यांना माखली होती. मी राखेने पुसली, ओल्या फडक्याने पुसली, कोंबडीला परत बसवलं. ती बसली बिचारी. चौथा आठवडा सरला, पाचवा लागला, पिल्लू एकही निघालं नाही. ती वाळून निम्मी झाली तरी हलेना, आणि तिच्याखाली हात घालायची माझी हिंमत होईना.

मागच्या चाळीतली ती बाई आली तीच तान्ही मुलगी खांद्यावर घेऊन. घरीही गेली नाही, आधी आमच्या परसात. मुलगी माझ्याकडे दिली, कोंबडी उचलली, एकेक अंडं कानाशी धरून हलवलं आणि मांडीवर ठेवत गेली. शेवटचं ठेवल्यावर मान वर केली.

"टॉर्चवर धरली होती ना अक्का?"

"हो."

"मग?"

मी मुलीचं दुपटं सारखं करू लागले. हातात तिची मुलगी, अंगाला दुधाचा वास. तेवढ्यात तुळशीकडून सासूबाई बोलल्या, त्यांच्या मोडक्या कन्नडमध्ये, "माळकरी घर आमचं, बाई. तिला बोलू नको. मीच अंडी टाकू दिली नाहीत."

तिने अंडी डालग्यात भरली, मुलगी माझ्याकडून घेतली. मग "बिडी अम्मा" म्हणाली, जाऊ द्या म्हणाली, आणि डालगं घेऊन गेली.

ती गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मी कधी नको म्हणाले गं तुला? ज्यात जीवच नाही, त्याचं कसलं सोवळं? खड्डा काढून पुरायचं होतंस. माळ माझ्या गळ्यात आहे, डोळ्यांवर नाही. विचारायचं तरी होतंस!"

मी रडले. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

पण तिने सासूबाईंचं बोलणं खरं धरलं ना! त्यानंतर ती आमच्या परसदारी आली नाही. ब्लाऊज टाकायला पुढच्या दाराने यायची, उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथेच उभी राहायची. "अम्मांना चालायचं नाही," म्हणायची. बाजारात बदकं मिळत होती. तिने घेतली नाहीत. ती भांडली असती तर मी कधीतरी बोलून टाकलं असतं. सासूबाईंना तिच्या हातची हुळीपुडी आवडायची, आमटीत घालायचा मसाला. तीही येईनाशी झाली, आणि सासूबाई नुसत्या म्हणायच्या, "आपल्या आमटीला हल्ली चव नाही." मी मान खाली घालून मशीन चालवायची. त्या गेल्या त्या माझी चूक अंगावर घेऊनच.

ती आता नंजनगूडला मुलीकडे असते. सणावाराला फोन करते. परवा बोलता बोलता सासूबाईंचा विषय निघाला, तर हसून म्हणाली, "तुमची अत्ते फार कडक होती हं, अक्का." आणि मी? मी "हूं" म्हणाले. या वयात, एवढं सगळं कळून, "हूं"!

तिला फोनवर सांगण्यासारखं हे नाही. तिच्यासमोर बसून सांगायला हवं, की आत्याबाई खोटं बोलल्या, माझ्यासाठी. पण बसची पायरी आता माझ्या गुडघ्यांना चढवत नाही, आणि तुझ्या आईला सांगितलं तर ती सतरा प्रश्न विचारेल. म्हणून तू ये. तुझ्या कंपनीला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळीच ये, उपमा करून ठेवते. मला हात धरून नंजनगूडच्या बसमध्ये चढव. लवकर ये गं. तीही आता थकली आहे.