बारवेच्या पायऱ्या

पाथर्डीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. शाळेतले निवृत्त शिपाई. मांडीवरच्या पिशवीत झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले ब्लॉग. जिल्ह्यातल्या जुन्या बारवांवर कुणी काही लिहिलं की ते छापून घ्यायचे, तिथे जाऊन बारवेत उतरायचे, पायऱ्या मोजायचे आणि कागदावर लाल पेनाने बरोबर किंवा फुली करायचे. मास्तरांना पेपर तपासताना जन्मभर पाहिलेलं.

"ब्लॉगवर विश्वास ठेवता?" मी विचारलं.

"लई. म्हनून तर जातो." त्यांनी कागद काढले. "ह्या तिगांनी चाळीस पायऱ्या लिवल्यात. हायेत चौतीस. येकाची मोजनी चुकली आसंल. बाकीचे दोघं गेलेच न्हाईत."

त्यातला मधला कागद माझ्या ब्लॉगचा होता.

"तुमी काय करता?"

"बारवांवर संशोधन."

"मंग ऱ्हाऊ द्या तुमाला, उपेगाला येईल," म्हणत त्यांनी नेमका तोच कागद माझ्या हातात दिला. मी आभार मानले.

घरी येऊन ब्लॉग दुरुस्त केला. आता तिथे चौतीस पायऱ्या आहेत. बारव मी अजून पाहिलेली नाही.