मेलेल्या जंतूची शेरवानी

वसमतच्या दवाखान्यातल्या टोचणाऱ्या बाई सुई उकळतानाही बोलत राहायच्या. शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली म्हणून आम्ही हट्टा गावात टोचायला गेलो, तिथंही त्यांनी नेहमीचंच सांगितलं, "या औषधातला पटकीचा जंतू मेलाय. त्याची शेरवानी तेवढी उरलीय. रक्त ती ओळखून ठेवतं, अन् जिता जंतू तीच घालून आला की त्याला बराबर धरतं."

निजामी अमलात शेरवानी म्हणजे सरकारी माणूस. गावचे पाटील म्हणाले, "सरकारची शेरवानी आमच्या अंगात काहून घालता, बाई?" लोक हसले, दंड कुणीच पुढं केला नाही.

"बरं, घोंगडं म्हणते. ते तर तुमचंच हाय ना?"

पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी घेतलं का घोंगडं?"

टोचून घ्या म्हणत मी बाईंसोबत गावोगाव फिरत होतो आणि भीतीपोटी स्वतः टाळत आलो होतो. बाईंना ते ठाऊक होतं.

"मास्तरांना मुद्दाम मागं ठेवलंय," बाई सुई उचलत म्हणाल्या, "तुमच्या म्होरं टोचायला."

मी बाही सारली. माझ्यामागून पाटील बसले, मग सगळं गाव.

परतताना बैलगाडीत बाई जगभराचं बोलल्या, माझ्या टाळाटाळीबद्दल मात्र नाही. मी दंड चोळायला लागलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "चोळू नका, मास्तर. दुखू द्या."