पाच नंबरच्या कॉटचं बीपी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जाते. नर्सची नोकरी आहे, मढ्यांना हात लावून झालाय... भीतीबिती काही उरली नाही. तरी हे लिहितेय, कारण पोटात मावत नाही.

आमचं सरकारी रुग्णालय लहानसं, बीडजवळच्या मांजरसुंब्यापासून आत. आम्हाला टॅब दिलेत. पेशंटचं बीपी आपणच मोजायचं, आपणच टॅबमध्ये टाईप करायचं – कॉटवरून टॅबला कुठलीही वायर जात नाही, हे नीट लक्षात घ्या. दुपारी चारच्या आत एंट्री गेली नाही, तर वरच्या साहेबांच्या स्क्रीनवर आमचं रुग्णालय लाल! म्हणून आमच्या इन्चार्ज मॅडम खुर्चीत बसूनच सगळ्यांना १२०/८० वाटायच्या, प्रसाद वाटल्यासारखं. काही बोललं की, "साहेबांच्या शिव्या तू खाणार का गं?"

त्या दुपारी मी लेबर रूममधून बाहेर आले, तर मॅडम टॅबवर डाफरत होत्या. "बघ गं, पाच नंबरला १२०/८० टाकते, सेव्ह करते... की परत ७०/४०! डबडं बिघडलंय." माझ्यासमोर त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा ७०/४०, लालभडक.

मी टॅब हिसकावला आणि कॉटकडे पळाले. तिथं सुंद्रा होती, मेंढपाळाघरची पोर, सकाळीच बाळंत झालेली. उशाशी नवरा, बिरू. माझ्या हातातला लाल आकडा त्यानंही पाहिला. "झोपलीय ताई," म्हणाला, "लई थकलीय."

चादर उचलली... खाली नुसतं रक्त. बीपी मोजलं. ७०/४०.

सलाईन, इंजेक्शनं, ॲम्ब्युलन्स – सगळं केलं हो. पण पोर बीडला पोचलीच नाही.

मग चौकशी. इंजिनिअरनं टॅब उघडून दाखवला – पाच नंबरला एकच एंट्री, १२०/८०, हिरवीगार. ७०/४० कुणी टाकलंच नव्हतं म्हणे! मॅडमनी कानावर हात ठेवले. रेकॉर्ड व्यवस्थित, म्हणून प्रकरण मिटलं. वर वेळेत एंट्री केल्याबद्दल मीटिंगमध्ये आमचं कौतुक. थू असल्या कौतुकावर!

तो आकडा आला कुठून, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा.

त्या दिवशी तान्हं लेकरू घेऊन निघताना बिरू माझ्यासमोर थांबला. टेबलावरच्या टॅबकडे बोट केलं.

"ताई, त्या पाटीला कळलं. तुमी तर हितंच होता... तुमाला कावून न्हाई कळलं?"