मंगळवारच्या शैलाताई

वसंतरावांचा निरोप आला तेव्हा मी नांदेडच्या कार्यालयात पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लावत होते. "शैला सकाळी गेली. मंगळवारचं बघून घ्या." वसंतराव म्हणजे डॉ. शैलाताईंचे यजमान. त्यातलं दुसरं वाक्य त्यांचं नव्हतं, शैलाताईंनीच सांगून ठेवलेलं होतं, हे मला लगेच कळलं. म्हणून मी आधी किनवट तालुक्यातल्या उपकेंद्राला फोन लावला, मग लातूरला जायची गाडी ठरवली. रडायचं मागे पडलं, ते पडलंच...

शैलाताई लातूरच्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या डॉक्टर. आमची संस्था दूरच्या गावांना पडद्यावरून डॉक्टर मिळवून देते. गावाच्या उपकेंद्रात सिस्टर रक्तदाब, नाडी तपासते आणि शहरातला डॉक्टर पडद्यावर पेशंटशी बोलतो. कोणत्या गावाला कोणता डॉक्टर, लाइट गेली तर काय, नेट गेलं तर फोन कुणी करायचा, ही सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. शैलाताईंना मी इस्लापूरच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं एक गाव दिलं होतं. त्यांचा वार मंगळवार. घरातल्याच एका खोलीत त्या यंत्र मांडून बसायच्या.

सुरुवातीला सगळं कागदावर ठरल्याप्रमाणे झालं आणि तरीही चुकलं. बायका मंगळवारी ठेवणीतली साडी नेसून, तोंडाला पावडर लावून यायच्या आणि पडद्यासमोर फोटोला बसतात तशा ताठ, श्वास धरून बसायच्या. पावडरखाली अंगात रक्त नसलेलं दिसेना, की दम लागलेला दिसेना. शैलाताईंचा मला फोन आला. "सुषमा, तू मला पेशंट देतेस की लग्नाचा अल्बम?" मी म्हटलं, गावात सूचना लावते. "सूचना लावशील तर त्या सूचनेसाठीही नटून येतील. माझे पेशंट कमी कर आणि गप्पांना वेळ दे."

तो वेळ कशासाठी हवा होता, हे कविताच्या वेळी मला उमगलं. मी त्या दिवशी उपकेंद्रातच होते. कविता पंचविशीची, सोबत सासू. दम लागतो का, विचारलं तर सासूच म्हणाली, "काई न्हाई तिला. कामाचा कंटाळा हाय." शैलाताईंनी आजार सोडूनच दिला. आज कालवण कशाचं केलं, जनावरं किती, असं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "हापशावरून पाणी कोण आणतं गं?"

"आता सासूबाई आनतात."

"आणि आधी?"

"मीच आनायची. आता वाटंत मधातच बसावं लागतंय."

शैलाताई सासूलाच म्हणाल्या, "मावशी, हंडा तुम्ही उचललात म्हणून पोर वाचली. आता तिला नांदेडला न्या." तिथं हृदयाची झडप खराब निघाली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या कायमच्या, आणि सतत रक्त तपासून कमी-जास्त करायच्या. त्यानंतर चार वर्षं कविता मंगळवार चुकवत नव्हती. शैलाताई रागवायच्या आणि ती हसायची. "ताई लई भांडतात," असं ती सिस्टरला कौतुकानं सांगायची.

शैलाताईंना पोटाचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मला लातूरला बोलावून घेतलं. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकलं आणि विचारलं, "माझ्यानंतर कविताला कोण?" मी तीन-चार नावं सांगितली. "कुणीही चालेल. पण एकच माणूस ठेव. दर वेळी नवा चेहरा दाखवलास तर त्या परत फोटोला बसतील." मी चिकाटीनं शोधलं. एका तरुण डॉक्टरांना त्या शेजारी बसवून घेत होत्या, तर त्यांना पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. दुसऱ्या बाईंनी गावाचं नाव ऐकून, तिथं जावं लागणार नाही ना, एवढंच दोनदा विचारलं आणि पुढं फोन उचलला नाही. एकच माणूस... तेवढं मला जमवता आलं नाही.

आता मंगळवारी दुसऱ्या शहरातलं केंद्र जोडून दिलं आहे. तिथं जो डॉक्टर मोकळा असेल तो बोलतो. चांगले असतात, सभ्य असतात. दम लागतो का? न्हाई. गोळ्या घेता का? हाव. मग पुढचा पेशंट. उपकेंद्रातल्या रेखा सिस्टरनं मला फोन केला. "मॅडम, कविताचे पाय सुजून राहिलेत. साडीखाली झाकून बसती. गोळ्या बंद केल्यात तिनं. समजावलं तर म्हणती, ज्यांनी दिल्या त्याच न्हाईत." मी नांदेडला वेळ घेतली, गाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली.

गेल्या मंगळवारी शैलाताईंच्या घरून यंत्र आणायला लातूरला गेले. खोली उघडून वसंतराव बाहेर जाऊन बसले. कॅमेरा चालतो का पाहावं म्हणून मी यंत्र सुरू केलं आणि तेवढ्यात ते वाजलं. पडद्यावर कविता होती, मागे रेखा सिस्टर. जुना नंबर कवितानंच लावायला लावला होता.

"मातीला येता आलं न्हाई मॅडम," ती म्हणाली. "म्हनून आले."

आमच्याकडे मातीला जमलं नाही तर माणूस नंतर घरी जाऊन भेटून येतो. ती तशी आली होती. चेहरा सुजलेला होता. वाक्याच्या मधेच थांबत होती.

"ताईंची खोली दाखवता का? आमाला निस्ती भिंतच दिसायची त्यांच्या मागची."

मी कॅमेरा उचलून फिरवला. खिडकी. पुस्तकांचं कपाट. आणि शैलाताई बसायच्या त्या खुर्चीसमोर पलंग, त्याच्याजवळ सलाइनचा स्टँड. तो अजून कुणी हलवलेला नाही.

"हितं झोपून असायच्या?"

"हो. तुमच्या वेळेला तेवढं उठून खुर्चीत यायच्या."

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आन आमालाच इचारायच्या, जेवलीस का म्हनून..."

मी म्हटलं, "कविता, गोळ्या सुरू कर. नांदेडला चल, मी सोबत येते."

"बघते मॅडम," ती म्हणाली. या 'बघते'चा अर्थ मला कळतो. तिनं मला यंत्र खाली ठेवायला सांगितलं, पहिल्यासारखं. मी कॅमेरा शैलाताईंच्या खुर्चीकडे करून ठेवला. तिनं खुर्चीला हात जोडले, दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेत उठली आणि पडद्याबाहेर गेली. पडद्यात तिची खुर्ची उरली, समोर शैलाताईंची. सिस्टरनं तिकडून बंद करेपर्यंत मी मधे उभी राहिले नाही, बाजूला सरले.