गोंड्यांचं गुलाबी पाणी

पोळ्याच्या आधी महिनाभर आमच्या अंगणात रंग शिजतो. बायको बैलांसाठी सुती गोंडे रंगवते आणि ते वडीगोद्रीच्या आमच्या दुकानातून विकले जातात. रंग पुडीतला, गडद राणी. सुतानं तो धरावा म्हणून पाण्यात मीठ टाकावं लागतं. उरलेलं पाणी नालीला जायचं, आणि नाली शेजाऱ्याच्या दारावरून पुढे जाते.

मागच्या वर्षी त्याच्या पांढऱ्या बकरीनं नालीत तोंड घातलं आणि तिची दाढी गुलाबी झाली. गल्ली हसली, तो हसला नाही. पुढच्या खेपेला एक थेंब रंग दारात दिसला तर अंगणातली चूल उचलायची, असं तो बायकोला बजावून गेला. त्याचं चुकलं नव्हतं. पण अंगण सोडलं तर बायकोचं काम बंदच पडणार होतं. दुसरी जागा आमच्याकडे नाही.

आमची मुलगी जालन्याला रसायनशास्त्र शिकते. कोळशानं रंग निघतो, असं तिनं फोनवर सांगितलं. बायकोनं लगेच चुलीतले कोळसे कुटून बादलीत टाकले. पाणी गुलाबीच राहिलं. साध्या कोळशाची छिद्रं पुरेशी उघडी नसतात, ती उघडावी लागतात, हे मुलीनं घरी आल्यावर समजावलं. मग तिनं आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा कॉलेजात नेला, आम्लात भिजवला, झाकणबंद भांड्यांत भट्टीत भाजला आणि आम्ल पूर्ण निघेपर्यंत धुतला. किलोभर भुशाचा चारशे ग्रॅमला थोडा कमी कोळसा झाला. वजन मी दुकानाच्या काट्यावर केलं.

रंगाच्या दहा लिटर पाण्याला त्याची शंभर ग्रॅम भुकटी टाकून आम्ही बराच वेळ ढवळलं. नंतर बायकोनं ते पातळ लुगड्याच्या फडक्यातून गाळलं, आमच्याकडे पिण्याचं पाणी गाळतात तसं. भुकटी इतकी बारीक की बरीचशी फडक्यातून खाली आली. शेजारी भिंतीवरून बघत होता.

"गुलाबी परवडलं की, वहिनी," तो म्हणाला. "हे तर तुम्ही डांबर करून राह्यल्या."

मुलीनं बादली रात्रभर निवळू दिली. बुडाला भोक असलेल्या माठात जाड कापड आणि वर धुतलेली वाळू घातली, आणि सकाळी वरचं पाणी त्यातून हळूहळू सोडलं. खाली आलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन मी पेल्यामागे पेपर धरला. अक्षरं वाचता आली.

शेजाऱ्याचा पेल्यावर विश्वास नव्हता. त्यानं खांद्यावरची पांढरी दस्ती काढली, तिचं टोक त्या पाण्यात बुडवून पिळलं आणि भिंतीवर वाळत टाकलं. वाळल्यावर उलटसुलट पाहिलं. टोक पांढरंच होतं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "रंगवा बिनधास्त."

बायको काड्यापेटी आणायला वळली, तेवढ्यात मुलगी बोलली. "काका, रंग गेला, पण मीठ गेलं न्हाई. बकऱ्यांना हे पाजू नका."

बायको जागीच थांबली. मिळालेली परवानगी पोरीनं आपल्या हातानं परत केली, असंच मलाही वाटलं.

"मंग हे सोडायचं कुठं?" त्यानं विचारलं.

"सोडायचंच न्हाई. पुढच्या रंगाला हेच घ्यायचं. मीठ आहेच त्यात, वरून कमी टाकावं लागंल."

त्यानं एकदा नालीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चूल पेटवा, वहिनी," एवढंच म्हणाला.

यंदाचे सगळे गोंडे अंगणातच रंगले. वापरलेला कोळसा गोणीत बांधून ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. शेजारी दुकानात बसला की आलेल्या गिऱ्हाइकाला ती दस्ती दाखवतो आणि सांगतो, "आमच्या पोरीनं पन्नास लिटर पाणी एका दमात साफ केलं." पन्नास नव्हे, दहा, असं मी दर वेळी सांगतो. 'आमच्या पोरीनं' मात्र तसंच राहू देतो.