कावळ्याची वाट

लोक देवाकडे मूल मागतात. आमच्या शेजारची चंद्रावहिनी देवाकडे कावळा मागायची. हसू नका, सांगते.

कोरेगावच्या बाजूचं आमचं गाव. लढाई चालू होती आणि घरटी एक गडी पलटणीत. वहिनीचा नवरा मानसिंगही. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पदरात पोर नव्हतं. बेचाळीस साली तो सुट्टीवर येऊन गेला आणि वहिनीची पाळी थांबली. चेहरा भरला, अंग जड झालं. उन्हातही तिला थंडी वाजायची, बसल्या जागी डोळा लागायचा. सासूला, बनुबाईंना, आणखी काय हवं? "सुनंला दिवस गेल्यात!" म्हणत त्यांनी गावभर गूळ वाटला. सातव्या महिन्यात हिरवं लुगडं, ओटी, डोहाळजेवण, सगळं झालं. मीसुद्धा गाणी म्हटली. मग नववा गेला, दहावा गेला. सुईण अंबूबाईनं पोट चाचपलं आणि मान खाली घातली.

"पोट रिकामं हाय, बनुबाई."

बनुबाईंनी तिलाच दाराबाहेर काढलं. गर्भ आत वाळून बसलाय, कधीतरी हलेल, हाच त्यांचा धोशा. वहिनी त्या हिरव्या लुगड्याची घडी उराशी धरून रडायची. मला ते बघवत नसे.

वहिनीचा भाऊ आकाराम माधवनगरच्या गिरणीत होता. तो तिला सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पोटाआधी गळा चाचपला. थंडी फार वाजते का, केस गळतात का, आवाज कधीपासून घोगरा झाला, असं विचारलं. आम्ही या सगळ्याला डोहाळे म्हणत होतो, आमची अक्कल ती! बाई म्हणाल्या, "गळ्यात एक ग्रंथी असते. तुझी मंद झालीये. तिच्यापायी सगळं अंगच मंदावलंय. बीज वेळेवर तयार होत नाही, मग मूल कुठून राहणार? या गोळ्या रोज घे. पाळी नीट यायला लागली, की समज आशा आहे."

गोळ्या मेंढराच्या ग्रंथीच्या होत्या. बनुबाईंनी नाक मुरडलं. जत्रेला मटणावर ताव मारणाऱ्या घरात हे सोवळं कुठून आलं, ते खंडोबालाच ठाऊक.

पाळी आली की आमच्याकडे 'कावळा शिवला' म्हणतात आणि चौथ्या दिवशी न्हाईपर्यंत बाई गोठ्याच्या कडेला वेगळी बसते, कुणाला, कशाला शिवत नाही. मूल हवं असलेल्या बाईला हा कावळा म्हणजे वैरी. वहिनी मात्र त्याच्यासाठी झुरत होती. हळूहळू चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. आणि एका सकाळी ती गोठ्याशी बसलेली दिसली, चक्क हसत. "शिवला गं, शिवला!" आत बनुबाई ऊर बडवत होत्या, "पडलं गं माझं नातवंड!"

पुढे कावळा महिन्याच्या महिन्याला नेमानं यायला लागला. वहिनी म्हणायची, "आता फकस्त त्येनी यावं."

मानसिंग आला. बोटीवर चढण्याआधी चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. त्यानं दारात पेटी ठेवली, पण वहिनी गोठ्याकडून उठली नाही. त्याच पहाटे कावळा शिवला होता.

माझं डोकंच फिरलं. मी बनुबाईंना म्हटलं, "आवं, एवढ्या खेपंला सोडा की शिवाशिव!"

"रीत म्हंजी रीत," त्या म्हणाल्या. मानसिंगनं आईचा शब्द मोडला नाही. तो अंगणात बाजेवर बसायचा, ती गोठ्याशी, मधे दोन बैल. वहिनीनं त्याला गळ्याचं, गोळ्यांचं सगळं सांगितलं. "मी बरी झाले. आता व्हईल आपल्याला."

"मग काय, मी परत येतोच की," तो म्हणाला. शेवटच्या दिवशी तिनं न्हायच्या आतच त्याला पहाटेची मोटार गाठावी लागली.

तो ब्रह्मदेशात पडला. तार आली तेव्हा वहिनी रडलीसुद्धा नाही.

तिनं गोळ्या सोडल्या नाहीत, कावळाही नेमानं येत राहिला. एकदा न राहवून मी म्हटलं, "निदान एखादं पोर तरी मागं राहायला हवं होतं गं."

"पोर न्हाई झालं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "त्येंच्या हातात पाण्याचा तांब्या बी दिला न्हाई मी."