साहेबांची पोळी
पुरणात जायफळ पडलं की त्या वासासरशी मला आमच्या शाळेची तपासणी आठवते. चाकणजवळच्या आमच्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि वर्षातून एकदा खेडहून दिपोटीसाहेब ती तपासायला यायचे. आदल्या दिवशी आम्ही मुलींनी देऊळ सारवलं होतं. साहेबांपुढे एकोणतिसाचा पाढा म्हणायचा म्हणून मी धुतलेलं परकर-पोलकं घालून गेले, तर गुरुजी दारातच म्हणाले, "पोरींनो, तुम्ही आमच्या घरी जा. साहेब जेवायला आहेत, काकूंना पोळ्या करू लागा." गुरुजींचं घर देवळाला लागूनच होतं. मी पाट्यावर पुरण वाटत होते आणि भिंतीपलीकडे मुलगे त्याच पाढ्यात अडखळत होते. पुढचा आकडा माझ्या ओठांवर होता. दुपारी पानावर बसल्यावर साहेबांनी विचारलं, "गुरुजी, वर्गात एकही मुलगी दिसली नाही?" गुरुजींनी सुस्कारा सोडला. "काय करणार साहेब, खेड्यातल्या पोरींना शाळेची गोडीच नाही." मी तेव्हा साहेबांच्या पोळीवर तूप वाढत होते. "पोळी मात्र उत्तम झालीय," साहेब म्हणाले. शाळेलाही उत्तम शेरा मिळाला. पोळी मला आजही छान जमते; पाढा पुढं कुणी विचारलाच नाही.